मायसी लोरचं शिफारसपत्र

९ जून, सोमवार

बायकोने, बर्नीसने, ही वही माझ्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला दिली. "रोज दोन ओळी लिहीत जा, कॅझ." मी म्हटलं, जन्मभर केसपेपर लिहिले, आता आणखी काय लिहू? तर म्हणे, "लिहून ठेवलेलं बरं असतं." तिच्या समाधानासाठी लिहितो.

आज दुपारी मायसी लोर केबिनमध्ये आली. आमच्या निवासी डॉक्टरांमध्ये ती आता तिसऱ्या वर्षाला जाईल. हृदयरोगाच्या फेलोशिपसाठी अर्ज करायचाय. आमच्या रुग्णालयात ती सोय नाही, म्हणजे मिलवॉकी सोडून मॅडिसन, आयोवा, मिनियापोलिस असं कुठेतरी जावं लागणार. फार लांब नको म्हणते, शेबॉयगनला आई एकटी आहे. आईच्या हृदयाची झडप लहानपणीच तापाने खराब झाली, थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत. पोरगी हृदयाकडे का वळली, हे मी कधी विचारलं नाही. गरजच पडली नाही.

"डोंबेक सर, शिफारसपत्र तुमचंच हवंय. बाकी तिघांची आहेत, पण हृदयाचे डॉक्टर तुम्ही एकटेच."

"कधीपर्यंत?"

"सोळा जुलैला सकाळी सगळ्या केंद्रांना अर्ज दिसायला लागतात. त्याआधी पोर्टलवर चढवायचं."

"मग महिना आहे की."

"सदतीस दिवस," ती म्हणाली. मोजून आली होती.

मी तिला सांगितलं, निवड समित्यांवर मी वीस वर्षं बसलोय. पहिल्या आठवड्यात अर्ज मन लावून वाचतात, नंतर जांभया देत. पत्र उशिरा आलं म्हणून कुणी अर्ज नाकारत नाही. तो नुसता तळाशी जातो.

"म्हणून तर जूनमध्येच आलेय," ती हसली.

इतकं चांगलं पत्र लिहायची संधी मला पाच-सहा वर्षांत मिळालेली नाही.

२० जून, शुक्रवार

शुक्रवारचे तळलेले मासे खायला नेहमीच्या ठिकाणी गेलो. माझ्यासाठीही बर्नीसनेच सांगितलं. मी म्हटलं, मला तोंड आहे. ती म्हणाली, "दोनदा सांगून झालंय तुझं, ती मुलगी गोंधळलीय." गल्ल्यावर आवाज फार होता.

रुग्णालयातल्या गाड्यांच्या तळावर पाट्या बदलल्यात वाटतं. आज अर्धा तास गाडी सापडेना. रखवालदार म्हणतो, पाट्या त्याच आहेत. त्याला काय माहीत.

पत्राला अजून हात लावलेला नाही.

२ जुलै, बुधवार

डोरीन बावीस वर्षं माझं ऑफिस सांभाळते आणि बावीस वर्षं मला शाळकरी पोरासारखं वागवते. आज टेबलावर पिवळी चिठ्ठी: लोरचं पत्र.

"सांगितलंस एकदा, पुरे."

"तिसऱ्यांदा सांगतेय, डॉक्टर."

"डोरीन, मला मोजता येतं."

ती चिठ्ठी सरळ करून बाहेर गेली. पूर्वी अशा वेळी ती उलट बोलायची. ते बरं होतं.

८ जुलै, मंगळवार

मायसीवर रागावलो. वॉर्डातल्या मिसेस गुडेलला मी लिहिलेला डिगॉक्सिनचा, हृदयाच्या औषधाचा, डोस तिने परस्पर निम्मा केला. फार्मसीला फोन करून मोकळी झाली आणि मला नंतर सांगितलं.

"त्यांची मूत्रपिंडं अधू आहेत, सर. तुम्हीच पहिल्या वर्षी शिकवलंत."

मूत्रपिंडं अधू आहेत हे मला ठाऊक होतंच. पण विचारायची एक रीत असते. बाईंची तब्येत बरी आहे.

१४ जुलै, सोमवार

संध्याकाळी मायसी दारात उभी. "सर, पोर्टलवर अजून तीनच पत्रं दिसतायत. मी घाई करत नाहीये..."

"करतेयस. कर. उद्या होईल."

तिचा चेहरा पाहून वाईट वाटलं. माझ्या मनात ते पत्र पूर्ण तयार आहे. त्या बसचालकाची, मिस्टर पेटिसची हकीकत लिहायची. तीन आठवडे ताप आणि थकवा, सगळ्यांनी फ्लू म्हणून सोडलं होतं. मायसीने त्याला पुढे वाकवलं, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगितला, आणि हृदयातला तो फुंकरीसारखा हलका आवाज तिला ऐकू आला. झडपेला संसर्ग झाला होता. माणूस वाचला. हे सगळं माझ्यासमोर लख्ख आहे. कागदावर घ्यायला बसलो की पहिलं वाक्य सापडत नाही.

१५ जुलै, मंगळवार

झालं एकदाचं! सकाळभर दार लावून बसलो. मांडणीसाठी एक जुनं पत्र उघडलं, त्यावर काम केलं आणि अकरा चाळीसला पोर्टलवर चढवलं. डोरीन म्हणाली, "मी एकदा नजर टाकू का?" पत्रं तपासायला तू डॉक्टर आहेस का, असं बोललो. जरा लागलं तिला. पण वेळेच्या आत झालं, हे महत्त्वाचं. मायसीला निरोप पाठवला. तिने उलट टपाली नुसतं "आभार, आभार, आभार" लिहिलं.

बर्नीसबरोबर फ्रोझन कस्टर्डचं आइसक्रीम खायला गेलो.

२७ ऑगस्ट, बुधवार

मायसीच्या बरोबरीच्या मुलांना दहा-दहा, पंधरा-पंधरा ठिकाणांहून मुलाखतीची बोलावणी आली. तिला तीन. काहीतरी चुकतंय. तिचे परीक्षेचे गुण या सगळ्यांपेक्षा सरस आहेत.

"सर, पत्र नीट गेलं ना?" तिने अगदी दबकत विचारलं. ती ते वाचू शकत नाही. अर्जदाराने शिफारसपत्र पाहायचं नाही असा नियम आहे.

"मायसी, तुझ्याबद्दल मी जे लिहिलंय ते वाचलंस तर लाजशील."

'लोर' हे परकं आडनाव बघून अर्ज बाजूला टाकत असतील का? मला संताप आला. मी तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "असेलही, सर."

११ सप्टेंबर, गुरुवार

मायसी आयोवाहून मुलाखत देऊन परत आली. दार लावून घेतलं आणि उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर, त्यांच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, विद्यापीठाच्या संघात नाव वल्हवायचीस त्याबद्दल सांग. मी म्हटलं, मी कधी वल्हं हातात धरलेलं नाही. मग त्यांनी कागद पाहिला. म्हणाल्या, दुग्धशाळेवर वाढलीस ना? मी म्हटलं, नाही. मग त्या गप्प झाल्या आणि कागद पालथा ठेवला."

मला काही कळेना.

"ग्रँट ऑस्टबी कोण, सर?"

ग्रँट माझा विद्यार्थी. सोळा वर्षांपूर्वीचा. हुशार, उंच, विद्यापीठाच्या संघात नाव वल्हवायचा. वडिलांची दुग्धशाळा.

"पहिल्या ओळीत माझं नाव आहे," ती म्हणाली. "खाली सगळा तो आहे, एके ठिकाणी नावासकट. 'त्याचे हात', 'त्याचा निर्धार'. बाईंनी शेवटी दया येऊन सांगितलं."

मी म्हटलं, हे डोरीनचं काम. तिनेच चुकीची फाईल काढून दिली असणार.

मायसी माझ्याकडे बघत राहिली. "तसं असेल, सर," म्हणाली आणि गेली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

डोरीनला झापलं. विभागाकडे लेखी तक्रार केली. तिने संगणक माझ्याकडे वळवला. पत्र माझ्या खात्यातून गेलेलं. १५ जुलै, अकरा चाळीस. मी म्हटलं, माझ्या खात्याचा पासवर्ड तुला माहीत आहे. असं मी म्हटलं. बावीस वर्षांनी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नवं पत्र लिहिलं. दोन दिवस लागले, पण पेटिसची हकीकत नीट उतरली. पोर्टलवर चढवलं. या वेळी बर्नीसला वाचायला दिलं. ती वाचता वाचता डोळे पुसत होती. पत्र चांगलं झालंय म्हणून असेल.

मग आयोवाला हाल ब्रँडव्होल्डला फोन केला. तो तिथल्या फेलोशिपचा प्रमुख, आणि कधीकाळी माझ्याच हाताखाली शिकलेला.

"सर, नवं पत्र वाचलं. पण समिती म्हणते, डोंबेक सगळ्यांना एकच पत्र पाठवतात, नाव तेवढं बदलतात. मग दुसऱ्यावर तरी विश्वास का ठेवायचा?"

"सेक्रेटरीची चूक."

"एवढंच?" त्याने विचारलं. "मुलगी मला आवडलीय. आमची पसंतीची यादी एकोणीस नोव्हेंबरला संध्याकाळी आठला बंद होते. मुलांच्या याद्याही तेव्हाच. मग संगणक जोड्या लावतो, कुणाच्या हातात काही राहत नाही. तुम्हाला त्याआधी आणखी काही सांगावंसं वाटलं, तर मला सांगा. काहीही."

आणखी काय सांगणार?

९ ऑक्टोबर, गुरुवार

डोरीनची बदली तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत झाली. तिच्या जागी एक तरतरीत मुलगी आलीय. तिचं नाव लिहून ठेवलं पाहिजे.

राउंडनंतर मायसी मला जिन्यात घेऊन गेली.

"सर, मिस्टर पर्सेलचं पोटॅशियम तुम्ही आज तीनदा विचारलंत."

"उत्तर नीट मिळत नव्हतं."

"तिन्ही वेळा मीच दिलं. एप्रिलपासून तुमच्या सगळ्या ऑर्डरी मी संध्याकाळी एकदा तपासते. मी कुणालाही काही बोललेली नाही. पण मी जूनमध्ये जाणार. नंतर कोण तपासणार? प्लीज, एकदा दाखवून घ्या."

मी तिला म्हटलं, पत्राचा सूड उगवतेयस.  ती मागे हटली नाही. "सूड उगवायचा असता तर कधीच तक्रार केली असती, सर."

घरी येऊन बर्नीसला सांगितलं. वाटलं, तीही चिडेल. ती बटाटे सोलत होती. सोलणं थांबवून म्हणाली, "मी तुझी वेळ घेऊन ठेवलीय. पाच नोव्हेंबरची. त्याआधीची मिळाली नाही."

"कधी घेतलीस?"

"जूनमध्ये."

५ नोव्हेंबर, बुधवार

मज्जासंस्थेची डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची. घड्याळ काढायला लावलं. पाच शब्द दिले आणि थोड्या वेळाने परत मागितले. दोन आठवले. तिने समोर मेंदूचं चित्र लावलं. चित्र वाचायला मला तिची मदत लागली नाही.

सुरुवात आहे म्हणाली. रुग्ण तपासणं थांबवायला हवं. मी वर्षअखेरपर्यंतचा वेळ मागितला. ती म्हणाली, "तुमच्या रुग्णाला तुम्ही दिला असता का?"

गाडी बर्नीसने चालवली. तळ्याच्या काठाने घेतली, लांबच्या रस्त्याने. 

८ नोव्हेंबर, शनिवार

आता कळतं, हाल काय विचारत होता. त्याला संशय आलाच होता. "मी आजारी आहे, ते पत्र माझ्या आजाराने लिहिलं, त्या मुलीचा त्यात काही दोष नाही," एवढं मी म्हटलं की त्याच्या समितीपुढचा प्रश्न मिटतो. एक फोन.

पण हालला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. शिकागोपासून मिनियापोलिसपर्यंत जिथे जिथे माझे विद्यार्थी आहेत तिथे आठवड्याभरात कळेल. मग माझ्याशी बोलताना सगळे जरा हळू, जरा मोठ्याने बोलतील.

अकरा दिवस आहेत. कार्डावर हालचा नंबर आणि तारीख लिहून शर्टाच्या खिशात ठेवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

हाल हृदयरोगाच्या परिषदेला गेलाय. म्हणजे बहुतेक गेला असेल, या दिवसांत असतेच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज करणार होतो. विभागप्रमुखाला आधी सांगायला हवं असं वाटलं. आधी आपल्या घरी, मग बाहेर. तो भेटला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

टीव्हीवर पॅकर्सची फुटबॉल मॅच. बर्नीसने मध्येच विचारलं, "आयोवाला फोन केलास?"

"रविवारी कसा करू?"

"घरी कर. तो तुझ्या मुलासारखा आहे."

उद्या करतो म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मायसी वॉर्डात भेटली. यादी भरली म्हणाली. तीनच नावं, आयोवा पहिलं. "आता फक्त वाट बघायची." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. सांगणार होतो, काळजी करू नकोस, मी बोलतो. नाही सांगितलं. आधी करावं आणि मग सांगावं.

उद्या सकाळी पहिलं काम.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुट्टी घेतली. छतालगतच्या पन्हळीत अडकलेली पानं काढली. शिडी बर्नीसने धरली होती. कडक ऊन, वारा नाही, तळं आरशासारखं. बऱ्याच दिवसांनी इतकं शांत वाटलं. रात्री जेवायला सॉसेज आणि लाल कोबी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी कालचा शर्ट धुवायला टाकताना कार्ड हाताला लागलं.

लगेच फोन केला. सगळं सांगितलं, घड्याळाचं चित्रसुद्धा. हालने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, काल संध्याकाळी आठपर्यंत मी फोनजवळ बसून होतो."

"आता काही..."

"यादी बंद झाली. आता मला ती उघडतासुद्धा येत नाही. आम्ही तिला चौदावी ठेवली. जागा सहा आहेत." आणि मग, "तुम्हाला भेटायला येऊ का?" असं हळू, जरा मोठ्याने विचारलं.

बर्नीस म्हणते, काल जेवताना तिने विचारलं तेव्हा मी "केला" म्हणालो. मला हे आठवत नाही.

पण एक आठवतं. शिडीवर असताना एकदा माझा हात खिशाकडे गेला होता. कार्ड बोटांना लागलं होतं. ते कशाचं आहे हे मला तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं? सकाळपासून हेच शोधतोय. आजार झालेल्या माणसाला निदान एवढी तरी सवलत असते, की तो विसरला म्हणू शकतो. मला ती घेता येत नाही आणि सोडताही येत नाही.

दुपारी विभागप्रमुखाकडे जाऊन राजीनामा दिला.

३ डिसेंबर, बुधवार

निकाल अकरा वाजता. मी रुग्णालयात गेलो. निवासी डॉक्टरांच्या खोलीत केक कापत होते. चौघांना हवं ते मिळालं होतं. मायसी तिथे नव्हती. इकोच्या खोलीत सापडली, अंधारात, यंत्र बंद करून बसलेली.

"कुठेच नाही, सर."

मी तिला सगळं सांगितलं. आजार, कार्ड, शिडी, वीस तारखेचा फोन. म्हटलं, "मी विसरलो की टाळलं, हे मलाच माहीत नाही."

ती रडत नव्हती. फार दमलेली दिसत होती.

"विसरलात काय आणि टाळलंत काय, सर. माझ्या वाट्याला दोन्हीतून एकच आलं."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी आईला आधीच सांगून बसले होते, आयोवा म्हणून. तिने तिथे ओळखीची माणसं शोधून ठेवली."

माझ्याकडे तिला देण्यासारखं काही नव्हतं. म्हणून म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. पत्र मी आत्ताच लिहून ठेवतो, तू समोर बस."

"पोर्टल जूनमध्ये उघडतं. पत्र त्याच वर्षीचं लागतं."

"मग जूनमध्ये."

"नको, सर."

रागाने नाही म्हणाली. रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात तसं. मॅडिसनच्या एका डॉक्टरांकडे ती दोन महिने काम करणार आहे, पत्र ते देतील. वर्षभर ग्रीन बेच्या रुग्णालयात नोकरी करेल.

हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे तिला पुन्हा विचारणार नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

तळघरात जाऊन डोरीनची माफी मागितली. तक्रार मागे घेतल्याचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने घडी न उघडता बाजूला ठेवलं.

"वर परत ये. विभागप्रमुख तुला घेईल."

"इथे बरं आहे, डॉक्टर. इथल्या फाईली आहे तिथेच राहतात." मग तिने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. "मला मार्चपासून कळत होतं. मी पत्र हट्टाने वाचायला हवं होतं. तुम्ही ओरडलात आणि मला राग आला. वाटलं, करा काय करायचं ते."

ती माफीची वेळ होती, पण कुणी कुणाला माफ केलं ते समजलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

छान दिवस. बर्फ खूप. मायसी लोर घरी आली होती, येताना आईच्या हातचे तांदळाचे गोळे घेऊन. चांगली पोरगी. बर्नीस आणि ती स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या.

हृदयरोगाच्या फेलोशिपला अर्ज करणार म्हणते. मी म्हटलं, "मग पत्र माझ्याकडून घे. त्या बसचालकाची हकीकत मी अशी लिहीन की समिती उठून उभी राहील."

तिने बर्नीसकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी येऊन बसली.

"हो, सर. वेळ आहे अजून."

मी तिला सांगितलं, पहिल्या आठवड्यात अर्ज मन लावून वाचतात, नंतर जांभया देत. या वेळी लवकर सुरुवात करायची. उद्या सकाळी पहिलं काम.